लोरेटाचं आवतण

आमच्या स्कूल बसमध्ये मागच्या सीटवर बसणाऱ्या मुलांचं ठाम मत होतं, की बस चालवणाऱ्या संध्यामावशी मेक्सिकोच्या बॉर्डरवरून उंटावर बसून अमेरिकेत आल्या. तेही लपूनछपून नाही, भर दुपारी. बॉर्डरवरचे पोलीस एवढे गोंधळले, की त्यांनी पासपोर्ट मावशींचा न मागता उंटाचा मागितला. ही गोष्ट मला तिसरीत कळली आणि पाचवीपर्यंत मीच ती नव्या मुलांना सांगत होते, दरवेळी एकेक उंट वाढवून.

खरं एवढंच, की मावशी विमानानं आल्या. खिडकीजवळच्या सीटवर, मांडीवर लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन. बरणी फुटली नाही, पण शेजारच्या माणसानं फिनिक्स येईपर्यंत नाकावरचा रुमाल काढला नाही. गाव आर्वी, जिल्हा वर्धा. नवरा, म्हणजे आमचे विष्णूकाका, इथे चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर. उंट मावशींना इथेच भेटला, आणि तो 'तो' नव्हता, ती होती. नाव लोरेटा.

आम्ही राहतो त्या गावाचं नाव सरप्राइझ. ॲरिझोनाच्या नकाशात बघा, आहे. माझी आई, नीना, पुण्याला फोनवर पत्ता सांगते तेव्हा पलीकडून हमखास विचारतात, "काय सरप्राइझ आहे?" आणि आई म्हणते, "काही नाही हो, गावच आहे." मग पुन्हा पहिल्यापासून.

अशा गावात संध्यामावशी पिवळी बस चालवायच्या. चालवायच्या म्हणजे, गावावर राज्य करायच्या. डेपोत त्यांना सगळे सँडी म्हणत. बसमध्ये त्या इंग्रजी बोलत, पण चाल आर्वीची. "सिट डाऊन, सिट डाऊन! नो डान्सिंग! धिस इज नॉट बारात!" बारात म्हणजे काय हे ना टायलरला माहीत होतं ना होजेला, पण दोघंही बसायचे.

मला आवाज काढायची खोड आहे. ती कुठून आली कोण जाणे, आई म्हणते बाबांकडून, बाबा म्हणतात टीव्हीवरून. एकदा तिसरीत, मावशी खाली उतरून टायर बघत होत्या तेव्हा, मी मागच्या सीटवरून ओरडले, "सिट डाऊन! धिस इज नॉट बारात!" अख्खी बस खाली बसली. एक मुलगा तर सीटच्या खाली बसला. मी वर बघितलं तर दारात मावशी उभ्या.

माझा स्टॉप आला तेव्हा त्यांनी दार उघडलं नाही.

"ज्ञानदा. इकडं ये. पुन्हा कर."

"सॉरी, मावशी."

"सॉरी नको. पुन्हा कर."

मी केलं, अगदी बारीक आवाजात. मावशींनी डोळे मिटून ऐकलं, जसं काका भाजीतलं मीठ बघतात तसं.

"'डाऊन'मधी जोर कमी आहे. आणि माया आवाज पोटातून येते, पोट्टे. नाकातून नाई. नाकातून तुया आईचा येते. जाय आता."

त्या दिवसापासून मी त्यांची.

आता लोरेटा. विकेनबर्गच्या रस्त्याला आमच्या बसच्या वाटेवर रेल्वेचे रूळ लागतात. स्कूल बसला नियम आहे, रुळांपाशी थांबायचं, दार उघडायचं आणि गाडी येतेय का ते कान देऊन ऐकायचं. मावशी एक बोट वर करायच्या आणि बस गप्प व्हायची. जगात एवढी शांतता मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. च्युइंग गम चावणंसुद्धा थांबायचं. उघड्या दारातून वाळवंटाचा वास यायचा, आणि गाडी नसली तर काहीच ऐकू यायचं नाही.

एके दिवशी ऐकू आलं. पाण्याच्या पिंपात कुणीतरी म्हातारा माणूस गुळण्या करतोय, आणि गुळण्या करता करता त्याला जुनी भांडणं आठवतायत, तसा आवाज. मी त्याच क्षणी तो काढायचा प्रयत्न केला आणि मला खोकला आला.

मावशींचं बोट वरचं वरच राहिलं. रुळांपलीकडे तारेच्या कुंपणावरून एक लांबलचक मान बसकडे बघत होती.

"अव माय," मावशी म्हणाल्या. "उंट."

मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मावशींनी दार बंद केलं नाही. ड्रायव्हरच्या सीटवरून जराशा वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "झे... झे..."

उंटानं तोंड फिरवलं. आम्ही शाळेत उशिरा पोचलो.

त्या 'झे'ची हकीकत मला पुढे कळली, हप्त्याहप्त्यानं, स्टॉप ते स्टॉप. आर्वीला दिवाळी सरली की काठेवाडी यायचे. मेंढ्यांचे कळप घेऊन, थेट कच्छ-काठेवाडाकडून चालत आलेले लोक. त्यांचं घर उंटावर असायचं. उलटी खाट, चारही पाय आभाळाकडे, आणि त्या खाटेत भांडी, गोधड्या, एक बांधलेली कोंबडी, वाटेत जन्मलेली कोकरं, आणि मधोमध एखादं शेंबडं पोर राजासारखं बसलेलं. मावशींचे वडील स्वतः बांधावर जाऊन त्यांना बोलवायचे, की आमच्या वावरात मेंढ्या बसवा. मेंढ्या बसल्या की लेंडीखत मिळतं. त्या कळपाबरोबर जीवी नावाची मावशींच्याच वयाची मुलगी यायची. मावशी तिला बोरं द्यायच्या, आणि जीवीनं बदल्यात त्यांना उंट दिला, म्हणजे उंटाची विद्या दिली. बसवायचं असलं तर 'झे'. आणि ओझं लादताना दोन्ही बाजू सारख्या.

"वजनानं उंट थकत नाई," मावशी म्हणायच्या. "तिरपेपणानं थकते. इकडं एक हंडा, त तिकडं एक हंडा. हंडा नसन त पोरगं बसव."

मग वडिलांनी खताची पोती आणायला सुरुवात केली. एका दिवाळीनंतर ते बांधावर गेले नाहीत. काठेवाडी लांबच्या रस्त्यानं निघून गेले. मावशी शाळेच्या खिडकीतून बघत राहिल्या. उलटी खाट दिसली, खाटेतलं पोर दिसलं, जीवी दिसली नाही. "बोलावल्याशिवाय कोण येते व कोणाच्या वावरात?" एवढंच त्या म्हणायच्या आणि गिअर बदलायच्या.

तर असा उंट सरप्राइझच्या रुळांपलीकडे दिसल्यावर मावशी शनिवारी तिथे जाणार नाहीत, असं कसं होईल? मला घेऊन गेल्या, कारण आईला म्हणाल्या, "पोट्टीचं इंग्रजी बरं आहे." त्यांचंही बरंच होतं. पण एकटं जाणं त्यांना अवघड वाटत होतं.

कुंपणाचा मालक डेल. तेव्हाच पंचाहत्तरीचा. हॅट, मिशी, आणि नळाला पाणी कमी असावं तसं बोलणं. एक शब्द पडायचा, मग थांबायचं, मग दुसरा. "वेल... नाऊ." आम्ही त्याच्या दारात उभ्या राहिलो तेव्हा त्यानं "वेल" म्हटलं, आणि "नाऊ" म्हणेपर्यंत मावशी कुंपणाच्या आत होत्या.

डेलकडे तीन उंट. डिसेंबरमध्ये चर्चमध्ये नाताळचे देखावे असतात, त्यात तीन राजे येतात, आणि राजांना उंट लागतात. डेलचे उंट ते काम करत. एका वर्षी लोरेटानं राजाचा मुकुट खाल्ला. पुठ्ठ्याचा होता, पचला. डेल ही गोष्ट सांगताना हसायचा नाही, फक्त मिशीची एक बाजू वर जायची. त्याच्याकडे उंट बसवायला 'कूश' म्हणत. मावशींनी 'झे' शिकवलं. काही महिन्यांनी लोरेटा दोन्ही भाषांत बसायला लागली. इथल्या आम्हा मुलांसारखीच, समजायचं दोन्हींत, आणि उत्तर कुठल्याच भाषेत धड द्यायचं नाही.

विष्णूकाकांना उंटाची ॲलर्जी. ते मास्क लावून लांब गाडीपाशी उभे राहायचे आणि ओरडायचे, "संध्या, मान जरा खाली कर!" कुणाची, ते कळायचं नाही.

हिवाळ्यात खरं काम असायचं. डेलच्या जमिनीचं वरचं कुंपण एका कोरड्या ओढ्याच्या पलीकडे होतं. ओढ्यात घोट्यापर्यंत वाळू, त्यात ट्रक रुतायचा. मग लोरेटा. दोन बाजूंना लोखंडी खांब, तारेची भेंडोळी, पाण्याचे कॅन. मी लादायला मदत करायचे आणि मावशी लांबून एक डोळा मिटून बघायच्या. "डावीकडं जास्त होऊन राहिलं. तुया डबा इकडं टाक." माझ्या डब्यात दोन पराठे. दोन पराठ्यांनी उंट सरळ होतो, असं मावशींचं म्हणणं. आणि शप्पथ, लोरेटा उठताना तेव्हा कमी कुरकुरायची.

चालताना मावशी गोष्टी सांगायच्या. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या आर्मीनं समुद्रापलीकडून उंट आणले होते. आधी टेक्सासला उतरवले, मग तिथून कॅलिफोर्नियाकडे, या मुलखातून पायी. खेचरांना झेपेना ते ओझं उंटांनी नेलं. पण खेचरवाल्यांना उंट आवडेनात. वास येतो, कुरकुरतात, आमची जनावरं बुजतात. मग लढाई लागली, मग रेल्वे आली. उंट विकले, उरले ते वाळवंटात सोडून दिले. कितीतरी वर्षं कुणाला ना कुणाला लांब टेकडीवर एखादा उंट दिसायचा म्हणे.

"सोडून दिले?" मी विचारलं होतं.

"सोडून दिले. काम झालं, जा म्हटलं." मावशींनी दोर दुसऱ्या हातात घेतला. "त्याईच्यासंगं एक माणूस आला होता उंट हाकायला, लांबून, अरबांच्या मुलखाकडून. त्याचं नावही कोणाले बोलता येईना, त लोकाईनं आपल्याले जमन तसं करून टाकलं. पश्चिमेकडं त्याची समाधी आहे. दगडाची, वरतं पत्र्याचा उंट. मी नारळ फोडून आली."

"नारळ? तिथे?"

"मंग काय. माणूस घर सोडून आला होता न बापा."

डेल मागून चालत होता. त्याला मराठी येत नव्हती, तरी या ठिकाणी त्यानं "येप" म्हटलं.

आणि पोळा. विदर्भात बैलांचा पोळा केवढा मोठा ते मी सांगायला नको. मावशींकडे बैल नव्हता, लोरेटा होती. म्हणून दरवर्षी श्रावणातल्या अमावास्येला, म्हणजे इथल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जेव्हा बाहेर ठेवलेला चमचा हातात धरवत नाही, तेव्हा लोरेटाला झूल, घुंगरमाळा, कपाळाला बेगड. झूल मावशींनी स्वतः शिवलेली. जुन्या जरीच्या साड्यांची, लाल-हिरवी, उंटाच्या मापाची, म्हणजे आमच्या दोन खोल्यांचे पडदे झाले असते एवढी. पुरणपोळ्या काका करायचे. मावशींची पोळी फाटते, हे त्या स्वतः सांगतात, आणि फाटलेली पोळी पाहुण्याला वाढायची नाही हा त्यांचा कायदा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. वर्षभर जू ओढून दुखलेल्या खांद्याला तूप-हळद लावायची, शेकायचं, आणि बैलाला जेवणाचं आवतण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." इथे पहिली पंचाईत, की उंटाला खांदा कुठे? मावशी आणि डेल यांचा यावर दर वर्षी वाद. डेल म्हणायचा मानेच्या मुळाशी. मावशी म्हणायच्या ओझं मदारीवर असते, त मदारच खांदा. दुसरी पंचाईत, शेकायला पळसाचं पान पाहिजे. पळस कुठून आणणार? मावशींनी गरम टॉर्टिया घेतला, तुपात बुडवला आणि मदारीला लावला. लोरेटानं मान वळवून खांदशेकणी खाऊन टाकली. तेव्हापासून दरवर्षी दोन टॉर्टिया, एक शेकायला, एक खायला.

गेल्या वर्षी डेलनं हॅट काढून सांगितलं, की त्याचा गुडघा संपला आणि तो टुसॉनला मुलीकडे चाललाय. जमीन बिल्डरला दिली, महिनाअखेर ताबा. दोन तरुण उंट लगेच गेले. लोरेटा म्हातारी. तिला कोण घेणार? आमच्या कॉलनीत कोंबडी ठेवायलासुद्धा बंदी, मावशींनी अर्ज केला होता की काय कोण जाणे, पण काका एकदा म्हणाले, "ही बाई विचारते, गॅरेजची उंची किती." शेवटी न्यू मेक्सिकोतली मेंढ्या पाळणारी एक बाई हो म्हणाली. ट्रेलरवाला ठरला. तो सोमवारी येणार होता. पोळा शनिवारी. म्हणजे लोरेटा जेवून जाणार. सगळं जमलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही खांदशेकणी केली. डेल वादाला उभा राहिला नाही, म्हणाला, "हर वे," म्हणजे यंदा मावशींच्या मनासारखं. मावशींनी मदारीला शेकलं, मग थांबून मानेच्या मुळाशीही शेकलं. दोन्ही हात तुपाचे. लोरेटाच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आणि डेलचा फोन वाजला.

ट्रेलरवाला. सोमवार नाही, उद्या. उजाडता उजाडता येतो, सातला निघणार, नंतर उन्हात ट्रेलर तापतो. पुन्हा या वाटेनं ऑक्टोबरशिवाय नाही. डेलनं फोन खिशात घातला आणि सगळं सांगितलं. उद्या ती चढली नाही, तर मग जनावरांचा लिलाव. लिलावातून म्हातारा उंट कुठे जातो ते त्यानं सांगितलं नाही. हॅट काढली, पुन्हा घातली.

मावशी म्हणाल्या, "उद्या पोळा आहे. पोळ्याच्या दिवशी जनावराले हुकूम नाई द्यायचा. माया बाप त्या दिवशी बैलाले थांबवाले 'हो' म्हणत नव्हता, 'चल' म्हणत नव्हता."

मी ते डेलला इंग्रजीत सांगितलं.

"वेल," तो म्हणाला. 'नाऊ' आलंच नाही.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा आभाळ नुकतं राखाडी झालं होतं आणि ट्रेलर आधीच उभा होता. डेलचा जुना ट्रेलर बुटका, लाकडी, लोरेटाच्या सवयीचा, तो विकला गेला होता. हा उंच, चकचकीत, पाऊल ठेवलं की डब्यासारखा वाजणारा. काका मास्क लावून गाडीपाशी, हातात पोळ्यांचा डबा. लोरेटा झूल, घुंगरू, बेगड घालून उभी. नाताळच्या देखाव्यातल्या तिन्ही राजांपेक्षा भारी.

तिनं फळीवर एक पाय ठेवला, खण्ण वाजलं, पाय काढला. संपलं.

ट्रेलरवाल्यानं दोर ओढला. डेलनं मागून ढकललं, म्हणजे हात लावला. मग डेल चुकला. सवयीनं म्हणाला, "कूश," म्हणजे जरा शांत हो अशा अर्थी. लोरेटा बसली. जमिनीवर, फळीच्या बरोबर समोर, चारही पाय घडी करून, आता जे काय करायचं ते करा म्हणून.

"मॅम, आय गॉट टिल सेव्हन," ट्रेलरवाला म्हणाला.

मावशींनी त्याच्याकडे बघितलं. पोळ्याला टोमणे मारायच्या ओळी म्हणतात, त्यांना झडती म्हणतात. मावशींनी तिथल्या तिथे झडती म्हटली:

"उंटाची मान लांब, मालकाची मिशी लांब,
ट्रेलरवाल्या भाऊ, जरासा त थांब!"

"व्हॉट डिड शी से?" त्यानं मला विचारलं.

"शी सेज गुड मॉर्निंग."

टेकड्यांमागे उजेड पिवळा व्हायला लागला. ट्रेलरवाला घड्याळ बघत होता. डेल दुसरीकडे बघत होता. मी मावशींचा हात धरला.

"मावशी, तुम्ही म्हणा ना. एकदाच. ती तुमचं ऐकेल."

"आज नाई."

"अहो, लिलावात जाईल ती!"

"मले माईत नाई काय?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच पोटातून आला नाही. "वर्षभर तिनं माया ऐकलं, ज्ञानदा. एक दिवस तिचा आहे. तो कसा घेऊ?"

तेव्हा मला सुचलं, आणि सुचल्याबरोबर मला एवढा आनंद झाला की लाज वाटायला हवी होती.

"तुम्ही नका देऊ हुकूम. मी देते. तुमच्या आवाजात. म्हणजे हुकूम माझा, आवाज तुमचा. पोळा मोडत नाही."

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. अशा वेळीही त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"नाई उठणार."

"उठेल. पैज?"

"लाव. हरली त उद्या तान्ह्या पोळ्यात उंट तू."

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांचा पोळा. तिकडे लाकडी बैल फिरवतात. इथे मुलं घरातलं जे चार पायांचं असेल ते आणतात, आणि लोरेटा दरवर्षी डेलच्या ट्रेलरमधून आमच्या गल्लीत यायची.

"आणि जिंकले तर?"

"त बसचं दार उघडायचं बटन तुले दाबू देईन."

तिसरीपासून मला ते बटण हवं होतं. मी लोरेटापाशी गेले. पाय रोवले, पोट आत घेतलं, डोकं मावशींसारखं जरा डावीकडे. "उठ व माय! हां! चल, चल, चल!"

फार छान झालं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छान. डेल गर्रकन वळला आणि मावशींच्या तोंडाकडे बघत राहिला. गाडीपाशी काकांनी मास्क खाली केला. "संध्या! अगं, पोळ्याच्या दिवशी हुकूम दिलास?"

लोरेटाचा कानसुद्धा हलला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, रवंथ केला, आणि दुसरीकडे बघितलं.

मी पुन्हा म्हटलं. मग 'झे' सोडून मला येत होते ते सगळे शब्द म्हटले. शेवटी डेलचा आवाजही काढला. लोरेटानं डोळे मिटले.

"झालं?" मावशी म्हणाल्या. "आता सरक."

त्यांनी काकांकडून डबा घेतला. झूल सोडली, घुंगरमाळा सोडल्या, घडी करून माझ्या हातात दिल्या, "गरम होईल तिले." मग सँडल काढल्या आणि अनवाणी त्या खणखणत्या फळीवरून ट्रेलरमध्ये गेल्या. पार आतल्या टोकाला, गवतावर मांडी घातली. ताट मांडलं. ताटाभोवती पाणी फिरवलं. दोन पोळ्या, वर तूप, बाजूला कढी ठेवली, कढी उंट पीत नाही तरी ठेवली. पदर सावरला. सगळं अगदी सावकाश, जसं सातला कुणाला कुठे जायचंच नाही.

आणि बाहेर बघून, घरात आलेल्या माणसाला म्हणतात तशा साध्या आवाजात म्हणाल्या, "या. वाढलं आहे. थंडं होऊन राहिलं."

रुळांपाशी दार उघडल्यावर व्हायची तशी शांतता.

लोरेटा कुरकुरली. तेच, पिंपातल्या म्हाताऱ्याचं, भांडणं आठवणारं. मागचे पाय उभे केले, मग पुढचे. फळीपाशी आली, खण्ण वाजलं, थांबली. मावशींनी बोलावलं नाही पुन्हा. पाहुण्याला एकदाच म्हणायचं असतं. लोरेटानं दुसरा पाय ठेवला, मग वाकून, मान खाली घालून, आत गेली आणि मावशींसमोर बसली.

दोन्ही पोळ्या खाल्ल्या. ताट चाटलं. कढी सांडली.

मावशी पुढच्या छोट्या दारानं उतरल्या. ट्रेलरवाल्यानं मागचं दार लावलं आणि, हे मला आवडलं, मावशींपुढे टोपी काढली. डेलनं पत्र्यावर दोनदा थाप मारली. ट्रेलर निघाला, धूळ उडाली, रुळांवरून जाताना धडधडला, आणि मावशींनी एक बोट वर केलं. आम्ही सगळे गप्प. त्या बराच वेळ ऐकत उभ्या होत्या.

"गेली," काका म्हणाले. मास्क नव्हता, डोळे लाल होते. ॲलर्जी असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तान्हा पोळा. गल्लीत चिल्लीपिल्ली जमली, कुणाकडे लाकडी बैल, कुणाकडे कापडी पांडा, एकाकडे डायनोसॉर. आणि मी. लाल-हिरवी झूल माझ्यावरून दोन्ही बाजूंना रस्ता झाडत होती. पायात घुंगरमाळा, कपाळाला बेगड. मावशींनी स्वतः बांधलं, आणि लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलं. "डावीकडं तिरपं होऊन राहिलं," म्हणाल्या, आणि उजवीकडे माझ्या कमरेला पाण्याची बाटली अडकवली. आई फोनवर शूटिंग करत होती, पुण्याला पाठवायला. घरोघरी मुलांना बोजारा मिळाला, म्हणजे पोळ्याचा खाऊ, इथे तो चॉकलेटचाच असतो. मला कुणी काही दिलं नाही. उंटाला कोण चॉकलेट देतं?

शेवटचं घर मावशींचं. त्या आरतीचं ताट घेऊन दारात. पांडाला ओवाळलं, डायनोसॉरला ओवाळलं. माझ्यापाशी आल्या.

"आवाज?" म्हणाल्या.

"काय?"

"उंट आहे न? उंट काय मुका असते?"

तो आवाज मला कधीच जमला नव्हता. तिसरीपासून, दर वेळी खोकलाच. सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी मान जराशी पुढे काढली, डोळे अर्धे मिटले, आणि पोटातून, फळीपाशी उठताना ती जशी कुरकुरली होती तसं, पार शेवटपर्यंत सोडलं.

पोरं खिदळली. डायनोसॉर पडला. मावशींच्या हातातलं ताट वरचं वर थांबलं, निरांजन तसंच.

"पुन्हा कर," त्या म्हणाल्या.